जड धनुष्यासाठी पाठ कशी कमवावी

धनुष्य हाती घेऊन काही महिने झाले आणि बाण बटच्या (बाण झेलणाऱ्या लक्ष्याच्या) मध्याजवळ पडू लागले, की बहुतेकांना आपले धनुष्य हलके वाटू लागते आणि 45 किंवा 50 पाउंडांच्या शिकारी धनुष्यांची छायाचित्रे मोबाइलवर चाळणे सुरू होते. सोलापुरात तालमीत अंग कमावण्याची परंपरा जुनी आहे. त्यामुळे रोज जोर-बैठका मारणाऱ्या मुलाला, 50 पाउंड म्हणजे जेमतेम 23 किलो, ते ओढायला काय अवघड, असे वाटणे स्वाभाविक आहे. त्याच्या हाती असे धनुष्य दिले तर तो ते ओढतोही. मात्र कसे ओढतो, ते जवळून पाहावे. धनुष्य आधी आभाळाकडे जाते, कंबर पुढे येऊन पाठ मागे वाकते, धनुष्य धरलेला खांदा कानाकडे चढतो, दोरीच्या हाताचे कोपर खाली घसरते आणि दोरी हनुवटीपर्यंत येते न येते तोच बाण सुटतो. त्या मुलाकडे ताकद भरपूर असते, पण ती छातीत आणि दंडात असते. धनुष्याला लागते ती दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांमधली आणि फऱ्यांखालची. ती ताकद कशी कमवावी आणि पाउंडेज (दोरी पूर्ण ओढायला लागणारा जोर, पाउंडांत) कोणत्या गतीने वाढवावे, हे पुढे सविस्तर मांडले आहे.

आधी एक खुलासा आवश्यक आहे. अमेरिकेत हरणाची शिकार धनुष्याने करण्यास परवानगी आहे आणि तिथल्या अनेक राज्यांनी त्यासाठी किमान पाउंडेज ठरवून दिले आहे. ते बहुधा 35 ते 40 पाउंडांच्या आसपास असते. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार शिकारीला बंदी आहे आणि सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावरील माळढोक व काळवीट यांना त्याच कायद्याचे संरक्षण आहे. त्यामुळे हे मार्गदर्शन बटवर किंवा फोमच्या प्राण्यांवर बाण सोडणाऱ्यांसाठीच आहे. शिकारी धनुष्याची शिस्त मात्र शिकण्याजोगी आहे. मैदानावरचा तिरंदाज आपल्या सवडीने उभा राहून दोरी ओढतो. शिकाऱ्याला तासन्‌तास निश्चल बसल्यानंतर, अंग आखडलेले असताना, हालचाल न दाखवता एकदाच ओढायचे असते आणि जनावर योग्य जागी येईपर्यंत दोरी धरून ठेवायची असते. म्हणूनच जाणते शिकारी आपल्याला जेमतेम ओढता येणारे धनुष्य कधीच घेत नाहीत.

आपण आज नेमके किती ओढतो

रिकर्व्ह, म्हणजे टोके पुढे वळलेल्या, धनुष्याच्या लिंबवर (वाकणाऱ्या पात्यावर) लिहिलेले पाउंडेज हे 28 इंच ओढीला, म्हणजे दोरी तितकी मागे आणल्यावर, मोजलेले असते. आपली ओढ 28 इंचांपेक्षा जास्त असेल, तर दर इंचामागे साधारण 2 ते 3 पाउंड वाढतात आणि कमी असेल तर तितकेच घटतात. म्हणजे 40 पाउंड लिहिलेल्या लिंबवर 30 इंच ओढणारा उंच मुलगा प्रत्यक्षात 44 ते 46 पाउंड ओढत असतो आणि 26 इंच ओढणारी मुलगी 35च्या आसपास. म्हणून लिंबवरच्या आकड्यावर विसंबू नये. सामान तोलायचा हुकाचा डिजिटल काटा दोरीला अडकवून आपल्या पूर्ण ओढीपर्यंत सावकाश ओढावे आणि दिसेल तो आकडा किलोत असल्यास त्याला 2.2 ने गुणावे.

आता क्षमतेची चाचणी. खुर्चीवर ताठ बसा, दोन्ही पाय जमिनीपासून थोडे उचला, धनुष्य बटच्या पातळीवर सरळ धरा आणि ते वर न उचलता दोरी अँकरपर्यंत (हनुवटीजवळच्या ठरलेल्या जागेपर्यंत) आणा. तिथे मनात दहापर्यंत मोजा आणि बाण न सोडता दोरी सावकाश परत न्या. पायांचा आणि कमरेचा आधार काढून घेतल्यामुळे पाठीत जे आहे तेवढेच शिल्लक राहते आणि खोटी ताकद उघडी पडते. आजच्या धनुष्यावर ही चाचणी थरथर न होता सलग पाच वेळा जमत नसेल, तर पाउंडेज वाढवण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. दुसरी चाचणी थकव्याची आहे. ऑलिंपिक रिकर्व्हच्या पात्रता फेरीत 72 बाण मारावे लागतात. 40 पाउंडांच्या धनुष्यावर ते एका दिवसात सुमारे 1,300 किलो ओढण्यासारखे आहे. सरावात शेवटच्या बारा बाणांचा गट पहिल्या बारा बाणांच्या गटाहून फार फाकत असेल, तर सध्याचेच पाउंडेज अजून अंगवळणी पडलेले नाही असे समजावे.

दोरी धरून ठेवण्याचा व्यायाम

जड धनुष्याची तयारी करून देणारा सर्वांत उपयुक्त व्यायाम धनुष्यावरच होतो, आणि तो म्हणजे पूर्ण ओढ धरून ठेवणे. बटपासून चार-पाच मीटरांवर उभे राहा. बटच्या मागे आणि आजूबाजूला कोणी नाही याची खात्री करा. बाण लावूनच ओढा, कारण बोटे घसरून रिकामी दोरी सुटली तर लिंब तडकू शकते आणि डोळ्याला किंवा हाताला इजा होऊ शकते. बाण लावलेला असेल तर तो फार तर बटमध्ये जातो. दोरी अँकरपर्यंत आणून सुरुवातीला 15 सेकंद धरा, सावकाश परत न्या, 45 सेकंद ते एक मिनिट विश्रांती घ्या आणि असे पाच-सहा वेळा करा. दर आठवड्याला थोडे वाढवत 30 सेकंदांपर्यंत जा. 30 सेकंद धरून एक मिनिट विश्रांती हे प्रमाण साधले, की त्यापुढे वेळ वाढवण्याऐवजी फेऱ्या वाढवाव्यात.

धरून ठेवताना लक्ष कुठे असावे, हे सेकंदांपेक्षा महत्त्वाचे आहे. दोरी बोटांच्या पहिल्या पेराच्या खाचेत असावी. तळहात, मनगटाची मागची बाजू आणि पुढचा हात ढिले असावेत, जणू बोटे म्हणजे दोरीला अडकवलेला नुसता आकडा आहे. धनुष्याच्या हाताचा खांदा खाली, कानापासून दूर ठेवावा आणि तो हात बटच्या दिशेने हलकेच ढकलत राहावा. दोरीच्या हाताचे कोपर, वरून पाहिले असता, बाणाच्या रेषेत किंवा किंचित मागे आले पाहिजे. यासाठी कोपर ओढू नका; त्या बाजूचा फरा पाठीच्या कण्याकडे सरकवा, म्हणजे कोपर आपोआप मागे फिरते. ही सरक कळत नसेल, तर सहकाऱ्याला दोन फऱ्यांच्या मध्ये बोट टेकवायला सांगा आणि ते बोट चिमटीत पकडायचे आहे असे मानून ओढा. पंधराव्या सेकंदाला दंडाचा पुढचा गोळा पेटू लागला, तर भार अजून दंडावरच आहे. जळजळ फऱ्याच्या आतल्या कडेला जाणवली, तर व्यायाम बरोबर चालला आहे. आकार, म्हणजे अंगाची ठेवण, बिघडला की सेकंद पूर्ण करण्याचा हट्ट धरू नये, दोरी परत न्यावी, कारण वाकड्या आकारात धरलेला प्रत्येक सेकंद त्याच वाकड्या सवयीला बळकटी देतो.

कंपाउंड धनुष्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्याच्या टोकांवरच्या कॅममुळे (खास आकाराच्या चाकांमुळे) सर्वाधिक भार ओढीच्या मधल्या टप्प्यावर येतो आणि शेवटी 65 ते 90 टक्क्यांपर्यंत कमी होतो; 60 पाउंडांचे धनुष्य 80 टक्के लेट-ऑफने (म्हणजे इतका भार घटवून) धरताना हातात केवळ 12 पाउंड राहतात. म्हणून तिथे धरण्यापेक्षा सावकाश ओढणे आणि तितक्याच सावकाश परत नेणे यांच्या आठ-दहा आवर्तनांचा उपयोग अधिक होतो. परत नेताना कॅम उलटताच धनुष्य हिसका देते. त्या क्षणासाठी पाठ घट्ट ठेवावी.

घरी आणि तालमीत

धनुष्याविना करायच्या व्यायामांत पहिला मान एका हाताने वजन ओढण्याच्या व्यायामाचा. बाकावर एक हात आणि एक गुडघा टेकवून दुसऱ्या हाताने डंबेल कमरेकडे ओढायचे; डंबेल नसेल तर पाण्याने भरलेला 10 लिटरचा कॅन, म्हणजे सुमारे 10 किलो, तेच काम करतो. प्रत्येक बाजूने 8 ते 12 वेळा, असे तीन सेट पुरेसे आहेत. दोन्ही बाजूंनी समान करावे, हे आवर्जून सांगितले पाहिजे, कारण तिरंदाजी हा मुळात एकांगी खेळ आहे आणि पाठीची एकच बाजू वाढली तर कणा तिकडे ओढला जातो. तालमीत किंवा मैदानात पुलअपचा दांडा असेल तर पुलअप, आणि ते जमत नसतील तर कमरेच्या उंचीच्या दांड्याखाली आडवे होऊन छाती दांड्याकडे ओढणे, यांनी पाठीचा खालचा रुंद स्नायू तयार होतो.

खांद्याच्या सांध्याला जागेवर ठेवणारे रोटेटर कफचे चार लहान स्नायू बहुतेकजण विसरतात, आणि जड धनुष्यावर सर्वांत आधी दुखावतात ते हेच. यासाठी आपल्याकडे घरोघरी असणारा सोलापुरी टेरी टॉवेल घट्ट गुंडाळून कोपर आणि बरगड्यांच्या मध्ये धरावा, कोपर काटकोनात ठेवावे आणि दाराच्या कडीला बांधलेली रबरी पट्टी पोटाकडून बाहेरच्या बाजूस ओढावी. टॉवेल खाली पडला तर कोपर अंगापासून सुटले आणि मोठे स्नायू मदतीला आले, हे लगेच कळते. पट्टी हलकीच असावी. 15 ते 20 आवर्तने, दोन सेट. तीच पट्टी डोळ्यांच्या उंचीवर बांधून दोन्ही हातांनी चेहऱ्याकडे ओढल्यास खांद्याचा मागचा भाग आणि फऱ्यांमधले स्नायू एकदम काम करतात.

जोर सोडण्याची गरज नाही. फक्त वर आल्यावर हात ताठ ठेवून पाठ आणखी थोडी वर ढकलावी, म्हणजे फरे बरगड्यांवर घट्ट बसवणारा स्नायू कामाला लागतो आणि धनुष्याचा हात स्थिर होतो. हलके मुद्गल फिरवणे सरावाआधी खांदे मोकळे करायला उत्तम आहे. बैठका आणि प्लँक चालू ठेवावेत.

हे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस, बाणांचा सराव झाल्यानंतर करावेत. थकलेल्या पाठीने बाण मारू नयेत. किमान एक दिवस धनुष्य आणि वजन दोन्हींना हात लावू नये.

पाउंडेज कधी आणि किती वाढवावे

स्नायू काही आठवड्यांत बळावतात, पण स्नायूंना हाडाशी जोडणारे कंडरा त्यांच्या मागून, कितीतरी सावकाश तयार होतात. ताकद आली असे वाटत असतानाच खांदा किंवा कोपर दुखू लागते, ते या अंतरामुळे. म्हणून एका वेळी 2 पाउंड, फार तर 4, आणि प्रत्येक पायरीवर निदान चार ते सहा आठवडे, ही गती सोडू नये. 30 वरून 40 पाउंडांवर जायला सहा ते आठ महिने लागले तर ते योग्यच आहे. आयएलएफ रायझरवर (सुटी लिंब बसवता येणाऱ्या, प्रमाणित जोडाच्या मधल्या दांड्यावर) लिंबचे बोल्ट फिरवून सुमारे 10 टक्के फरक करता येतो; त्यामुळे प्रत्येक पायरीला नवे लिंब घेण्याचा खर्चही वाचतो.

विशीच्या आतल्या मुलामुलींच्या बाबतीत तर घाई मुळीच करू नये. फऱ्याच्या टोकाचे हाड पूर्ण जुळायला विशी उजाडते. 1545 मध्ये बुडालेले आणि 1982 मध्ये समुद्रातून वर काढलेले मेरी रोज हे इंग्लंडचे युद्धजहाज या संदर्भात आठवते. त्यावर सापडलेली धनुष्ये 100 पाउंडांहून जड होती असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि त्यावरील माणसांच्या सांगाड्यांत खांद्याचे हे हाड न जुळल्याची उदाहरणे नेहमीपेक्षा अधिक आढळली. लहानपणापासून जड धनुष्ये ओढल्याचा तो परिणाम असावा, असे मानले जाते. जिंकण्यासाठी अशा वजनाची गरजही नाही. जागतिक स्पर्धांत कंपाउंडला 60 पाउंडांची कमाल मर्यादा आहे आणि त्या मर्यादेतच 2023 मध्ये बर्लिनला साताऱ्याची आदिती स्वामी वयाच्या 17व्या वर्षी आणि नागपूरचा ओजस देवतळे जगज्जेते झाले.

खांद्याच्या पुढच्या भागात टोचणारी कळ, हात डोक्यावर नेताना अडकणे, बोटांना मुंग्या किंवा रात्री खांद्यावर झोपता न येणे, यांपैकी काहीही जाणवले तर धनुष्य खाली ठेवून अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवावे. पाठीतला दुसऱ्या दिवशीचा जडपणा वेगळा. तो दोन दिवसांत जातो.

आहारासाठी महागड्या पावडरींची आवश्यकता नाही. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला शरीराच्या दर किलोमागे साधारण 1.2 ते 1.6 ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे 60 किलोच्या तरुणाला दिवसाला 72 ते 96 ग्रॅम. ज्वारीची भाकरी, शेंगा चटणी, मटकी किंवा हुलग्याची उसळ, दही आणि खात असल्यास अंडी यांतून ती भरून निघतात. 100 ग्रॅम शेंगदाण्यांतच सुमारे 25 ग्रॅम प्रथिने असतात. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीपलीकडे जातो, तेव्हा सराव सकाळी आठच्या आत उरकावा आणि धनुष्य बंद गाडीत कधीही ठेवू नये, कारण उष्णतेने लिंबच्या थरांमधला चिकट पदार्थ सुटू शकतो.

पाउंडेज वाढवल्यावर बाण तेच राहतात, ही चूक टाळावी. जड धनुष्य बाणाला अधिक वाकवते, त्यामुळे अधिक ताठ बाण लागतो; स्पाइनचा (बाणाच्या ताठपणाच्या मापाचा) आकडा जितका लहान, तितका बाण ताठ. बोल्ट फिरवल्यानंतर टिलर (दोरीपासून वरच्या व खालच्या लिंबच्या अंतरांतला फरक), दोरी आणि ग्रिपमधील अंतर व नॉकिंग पॉइंट (दोरीवर बाण अडकवायची जागा) पुन्हा तपासावेत आणि पहिले दोन आठवडे दहा मीटरांवरून, निम्म्याच बाणांनी सराव करावा.