सांडपाण्यातला फाज: आधी एकटा पाडा, मग ओळखा

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी फाज, म्हणजे जिवाणूंना लागण करणारा विषाणू, शोधायला येणाऱ्यांना मी थेट मुठेला मिळणाऱ्या नाल्यावर पाठवते. ई. कोलायचा फाज हवा तर ई. कोलाय जिथे मुबलक तिथेच जायचं. हातमोजे घालून निर्जंतुक बाटलीत ५० मिली पाणी घ्या, सेंट्रिफ्यूजमध्ये गाळ खाली बसवा आणि वरचं पाणी ०.२२ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून गाळा. क्लोरोफॉर्मनेही जिवाणू मरतात, पण मेदाचं आवरण असलेले फाजही त्यात जातात, म्हणून मी ते टाळते.

या पाण्यात तेवढंच दुप्पट तीव्रतेचं ब्रॉथ (जिवाणू वाढवायचं द्रव खाद्य), ताजं कोलाय आणि १ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड घालून ३७ अंशांवर रात्रभर शेकरवर ठेवा. सकाळी पुन्हा गाळा, दहा-दहा पटींनी विरल करा. ०.१ मिली फाज आणि कोलाय ४५ अंशांच्या ०.६ टक्के आगरमध्ये (थंड झाल्यावर जेलीसारखं घट्ट होणाऱ्या) मिसळून लगेच प्लेटवर ओता. हात रेंगाळला की आगरच्या गुठळ्या होतात.

दुसऱ्या दिवशी जिवाणूंच्या लॉनवर, म्हणजे प्लेटभर वाढलेल्या थरावर, स्वच्छ ठिपके दिसतात, ते प्लाक. इथेच घाई नडते. नाल्याच्या पाण्यात फाज एकच नसतो. बाकीच्यांपासून लांब असलेला एक प्लाक टिपच्या टोकाने उचला, एसएम बफरमध्ये (फाज साठवायच्या क्षारयुक्त द्रावणात) सोडा, पुन्हा प्लेट करा. असं निदान तीनदा. मिश्र फाजवर केलेलं पुढचं सगळं काम वाया जातं. प्लाकचा मध्य धूसर असेल तर फाज टेम्परेट, म्हणजे जिवाणूला लगेच न मारता त्याच्या आत दबून राहू शकणारा, असण्याची शक्यता धरा.

मोजणीला ३० ते ३०० प्लाकची प्लेट घ्या. १०⁻⁶ विरलनाच्या ०.१ मिलीतून ५२ आले, तर मूळ द्रावणात मिलीला ५.२ × १०⁸.

यजमान, म्हणजे फाज ज्या जिवाणूत वाढतो तो, तपासताना लॉनवर टाकलेल्या फाजच्या थेंबाखालच्या निव्वळ स्वच्छ डागावर भरवसा ठेवू नका. फाजची गर्दी फार झाली तर आत वाढ न होताच पेशी बाहेरून फुटतात. विरल करून सुटे प्लाक आले तरच तो यजमान.

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली शेपटी लांब की आखूड, आकुंचन पावणारी की नाही, ते नोंदवा. पण त्यावरून कुळ लिहू नका. मायोव्हिरिडी, सायफोव्हिरिडी, पोडोव्हिरिडी ही शेपटीवरून ठरवलेली कुळं २०२२ मध्ये रद्द झाली, वर्गीकरण आता जीनोमवरून होतं. सिक्वेन्समध्ये इंटिग्रेज (फाजचा डीएनए जिवाणूच्या डीएनएत घुसवणारं एन्झाइम) आणि विषाची जनुकं आहेत का, हे पहिल्यांदा बघा. उपचारासाठी असा फाज चालत नाही.

स्टॉक ४ अंशांवर ठेवा, एक कुपी ग्लिसरॉल घालून उणे ८० ला. लेबलवर यजमानाचा स्ट्रेन लिहायला विसरू नका.