मुलांना टोळीपासून तोडताना पोलीस ठाण्यात होणाऱ्या चुका: या टाळा

कोकणात टोळी म्हटले की मुंबईतल्या गँगचे चित्र डोळ्यांसमोर येते आणि तिथेच पहिली गडबड होते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात टोळीला बहुतेक वेळा नाव नसते, ठरलेला अड्डाही नसतो. बांद्याच्या बाजूने गोव्याची दारू आणणारा एखादा ‘भाई’ असतो, त्याच्या गाडीपुढे दुचाकीवरून नाका बघत जाणारी दोन पोरे असतात, बंदरावर गांजाच्या पुड्या पोहोचवणारा दहावी नापास मुलगा असतो. त्यात भर म्हणून तलवारीने केक कापल्याचे रील. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला यातून बाहेर काढण्याचा उपक्रम अनेक ठाणी मनापासून सुरू करतात. तरी तो फसतो, आणि फसण्याचे सर्वांत मोठे कारण एकच असते: मुलाला जवळ करणारा पोलीस आणि त्याच्याकडून माहिती काढणारा पोलीस एकच असतो.

मुलाला खबऱ्या बनवणे

विश्वास बसला की डीबी पथकातून, म्हणजे ठाण्यातल्या गुन्हे शोधणाऱ्या पथकातून, फोन येतो, ‘तुझ्या त्या पोराला विचार ना, काल माल कुठे उतरला?’ विचारणाऱ्याला हे साधे वाटते. पण छापा पडला की कोणी सांगितले ते तासाभरात वाडीभर होते. मुलगा मार खातो, त्याची आई ठाण्याचे नाव काढू देत नाही आणि उपक्रमातली बाकीची मुले आठवड्याभरात गळतात. एका छाप्यापायी वर्षाचे काम जाते.

यावर तोंडी समज पुरत नाही. प्रभारी अधिकाऱ्याने लेखी आदेश काढावा: उपक्रमातला कर्मचारी डीबी पथकात, गोपनीय शाखेत किंवा स्थानिक गुन्हे शाखेच्या कामात नसेल, त्याच्या वहीतली नावे तपासासाठी मागितली जाणार नाहीत. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम १०७ प्रमाणे प्रत्येक ठाण्यात किमान सहायक उपनिरीक्षक दर्जाचा बाल कल्याण पोलीस अधिकारी असावाच लागतो. हा उपक्रम त्याच्याच हाताखाली ठेवा.

मुलालाही पहिल्याच भेटीत सीमा सांगा. ‘तू कोणाबरोबर फिरतोस ते मी विचारणार नाही. पण कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा एखाद्या लहान मुलावर लैंगिक अत्याचार होत असेल आणि ते तू मला सांगितलेस, तर मला पुढे कळवावेच लागेल.’ दुसरी गोष्ट कळवणे पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, कलम १९ मुळे बंधनकारक आहे. आधी सांगितलेले बंधन मुले मान्य करतात. नंतर उघड झालेले बंधन त्यांना दगा वाटते.

भीती दाखवणे

मुलांना कोठडी दाखवणे, कैद्याला त्यांच्यासमोर बोलायला लावणे, ‘एकदा आत गेलास की आयुष्य संपले’ असे दरडावणे हे सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत घातक. अमेरिकेत न्यू जर्सीच्या राहवे तुरुंगात १९७० च्या दशकात हाच प्रयोग गाजला आणि देशभर पसरला. पुढे अशा कार्यक्रमांचे नियंत्रित अभ्यास एकत्र तपासले तेव्हा दिसले की तुरुंग दाखवलेली मुले न दाखवलेल्या मुलांपेक्षा जास्त गुन्ह्यांत सापडली. ज्याला दहशतीचेच आकर्षण आहे, त्याच्यापुढे आपण दहशतीचाच नमुना उभा करतो.

शिवाय ‘भरती गेली, नोकरी गेली’ ही धमकी कायद्यालाही धरून नाही. १८ वर्षांखालच्या मुलाला दोषी धरले गेले तरी बाल न्याय अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे त्यामुळे तो कशालाही अपात्र ठरत नाही. अपवाद आहे तो १६ वर्षांवरच्या आणि प्रौढ म्हणून खटला चाललेल्या मुलाचा. ही गोष्ट मुलाला आणि त्याच्या बापाला समजावून सांगा. आता काही उरलेच नाही, अशी ज्याची समजूत झाली तो भाईकडेच जातो.

सभागृह भरवून भाषण

तीनशे मुले, एक माईक, चाळीस मिनिटे, शेवटी शपथ. यातून अहवाल तयार होतो, बदल होत नाही. अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात १९९१ मध्ये पोलिसांनी शाळांसाठी टोळीविरोधी अभ्यासक्रम सुरू केला. पहिल्या मूल्यमापनात टोळीत जाणाऱ्यांच्या प्रमाणावर त्याचा परिणाम दिसला नाही. मग १३ पाठांचा नवा अभ्यासक्रम बेतला गेला, त्यात भाषण कमी आणि नकार देण्याचा सराव जास्त. पुढच्या मूल्यमापनात वर्षभराने टोळीत शिरण्याची शक्यता ३९ टक्क्यांनी कमी आढळली. तास घेणारे पोलीसच होते, तास घेण्याची रीत बदलली होती.

आपल्याकडे एका वर्गात ३० पेक्षा जास्त मुले घेऊ नका, आणि प्रसंग इथलेच घ्या. ‘बांद्यापर्यंत गाडी न्यायची, दोन हजार देतो’ असे एकाने म्हणायचे, दुसऱ्याने नाही म्हणायचे. उपदेशाच्या भाषेतला नकार मित्रांसमोर टिकत नाही. टिकते ती सबब: ‘माका नाय जमाचा, बापाशीन चावी काढून घेतल्यान.’ ती मोठ्याने, चार-पाच वेळा, हसू आवरून म्हणून घ्या. तोंडात बसलेलेच वाक्य ऐन वेळी बाहेर पडते.

सगळ्या ‘वाईट’ मुलांना एकत्र बसवणे

यादी काढायची, पंधरा मुले बोलवायची आणि समुपदेशनाला बसवायची, हे सोयीचे पडते. पण अशा गटात मुले एकमेकांच्या उचापतींवर हसतात, त्यातूनच नव्या ओळखी जुळतात आणि खेडच्या पोराला चिपळूणचा पुरवठादार मिळतो. धोक्यातली मुले एकत्र ठेवली की बिघाड वाढतो, हे परदेशातल्या संशोधनातही दिसले आहे.

त्यापेक्षा मिसळून ठेवा. भरतीची तयारी करणाऱ्या मुलांचे मैदान कोकणात जवळपास प्रत्येक तालुक्यात असते: पहाटे साडेपाचला १६०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक. दहा मुलांच्या अशा गटात धोक्यातली दोनच मुले घाला, आणि ती दोन कोण आहेत हे फक्त प्रशिक्षकाला माहीत असू द्या. कबड्डीच्या संघालाही हेच लागू. फक्त एक बघा: मैदानाचा किंवा स्पर्धेचा खर्च कोण करतो? बक्षिसाची रक्कम भाईच देत असेल तर तो संघ त्याचाच आहे.

फोटो, माफीचा व्हिडिओ, धिंड

तलवारीचे रील टाकणाऱ्या मुलाला कान पकडून माफी मागायला लावायची आणि तो व्हिडिओ फिरवायचा, ही पद्धत बंद व्हायलाच हवी. मुलगा १८ च्या आत असेल तर बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे त्याची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. शिक्षा ६ महिन्यांपर्यंत कैद, २ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. चेहरा धूसर केला तरी गावात शर्टावरून, मागच्या दुचाकीवरून, अंगणातल्या पायरीवरून मुलगा ओळखू येतो. शिवाय अशा व्हिडिओने त्याला हवी असलेली प्रसिद्धी आपणच देतो. शस्त्राबद्दल जी कारवाई करायची ती करा, पण कॅमेऱ्याशिवाय.

‘गुन्हेगारीतून परतलेले तरुण’ असा बॅनर लावून सत्कार करणे ही त्याच चुकीची गोड आवृत्ती आहे. मुलगा परतला असेल, पण बॅनरने त्याला पुन्हा गुन्हेगार ठरवले.

घरी जाताना

जीप वाडीत नेऊ नका. साध्या कपड्यांत, दुचाकीवर, दोघांनी जा. आई काजूच्या कारखान्यातून किंवा बंदरावरून परतल्यानंतरची, संध्याकाळी सातच्या पुढची वेळ धरा. अंगणात उभ्याने बोलू नका, शेजारी तेवढ्यात जमतात. पडवीत बसायला मागा. पहिल्या भेटीत मुलाच्या चुका काढायच्या नाहीत, त्याचा दिवस कसा जातो एवढेच विचारायचे. पोलीस पाटलांना बरोबर नेण्याआधी भावकी बघा. गावकीच्या वादात ते पलीकडच्या बाजूचे असतील तर त्या घरात तुमचे एक वाक्यही कोणी ऐकणार नाही.

चुकीच्या महिन्यात सुरुवात

शाळेच्या सोयीने उपक्रम डिसेंबरात होतात. गरज मात्र मेच्या मध्यापासून असते. दहावीचा निकाल लागतो, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, खलाशाचे काम करणाऱ्या मुलाच्या हाती पैसा नसतो. त्यानंतर गणपतीत मुंबईहून आलेला एखादा ‘दादा’ खर्च करताना दिसतो. नापास मुलाला निकालाच्या पहिल्या आठवड्यात गाठा. पुरवणी परीक्षेचा अर्ज, शाळा सुटलेल्यासाठी बाहेरून परीक्षेला बसण्याचा १७ नंबरचा फॉर्म, दहावी नापासांना चालणारे आयटीआयचे ट्रेड, यातले एक काम त्याच्याबरोबर प्रत्यक्ष जाऊन करा. नुसती माहिती दिली तर कागद दप्तरात राहतो.

मुलगा पकडला गेला तर

इथे मुलावर कागद करून प्रकरण मिटवले जाते आणि त्याला पुडी देणारा सुटतो. मुलाला कोठडीत ठेवायचे नाही, बेडी घालायची नाही, २४ तासांत बाल न्याय मंडळासमोर न्यायचे, पालक आणि परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याला कळवायचे. हे झालेच पाहिजे. पण त्याच वेळी त्याला वापरणाऱ्या प्रौढाकडे वळा. अमली पदार्थ पोहोचवायला मुलाला वापरले तर बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७८ खाली ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. टोळीने बेकायदा कामासाठी वापरले तर त्याच अधिनियमाच्या कलम ८३ खाली ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाख रुपये दंड. मुलाला गुन्ह्यासाठी कामाला लावले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ९५ खाली किमान ३ आणि कमाल १० वर्षे. गाडी कोणाच्या नावावर, फोनचे रिचार्ज कोणी केले, एवढे दोन धागे धरले तरी बरेच उलगडते.

चाललेले काम अडले तर

मुलगा अचानक यायचा थांबला तर ठाण्यात बोलावू नका. आधी व्यसनाचा विचार करा. ब्राऊन शुगरच्या सवयीत समुपदेशन पुरत नाही, उपचार लागतात. १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे. धमक्या येत असतील तर महिनाभर नातेवाइकांकडे दुसऱ्या तालुक्यात पाठवणे हा साधा आणि चालणारा उपाय. मुलाने पुन्हा एखादी भानगड केली म्हणून नाव कापू नका. कारवाई होऊ द्या, भेटी चालू ठेवा.

आणि बदली. ठाण्यात उपनिरीक्षक ते निरीक्षकांचा सर्वसाधारण कार्यकाळ २ वर्षांचा, शिपाई-हवालदारांचा ५ वर्षांचा. म्हणून मुलाशी रोजचा संबंध हवालदाराचा ठेवा. एकाकडे आठापेक्षा जास्त मुले नकोत. बदलीचा आदेश निघण्याची वाट न पाहता मार्चपासूनच नव्या माणसाला प्रत्येक घरी बरोबर न्या, किमान तीन वेळा, आणि तिसऱ्या वेळी बोलणे नव्या माणसालाच करू द्या.