पोरांसोबत बाल्कनीतली बाग: टोमॅटो राहू दे, आधी मेथी लावा

पहिल्या वर्षी मी पोरांना घेऊन टोमॅटो लावायला बसलो आणि तिथेच माती खाल्ली. बी टाकल्यापासून पहिला टोमॅटो लाल व्हायला तीन महिने तरी धरून चाला, आणि सात वर्षांच्या लेकीचा पेशन्स फार तर आठवडाभराचा, धाकटा चार वर्षांचा, त्याचा तर दुपारच्या झोपेपर्यंतच. आधी रोज सकाळी "बाबा, आले का टोमॅटो?", मग विचारणं बंद, मग पाणी घालणं बंद आणि शेवटी ती कुंडी माझ्याच गळ्यात. म्हणून ज्यांना घरी मुलांसोबत बाग करायचीये त्यांना एवढंच सांगतो की जे पटकन उगवतं आणि पटकन खाता येतं तिथून सुरुवात करा, आणि कुंडी मुलाची म्हणजे मुलाचीच, आपण हात मागे घेऊन उभं राहायचं. हे दुसरं जास्त अवघड आहे.

आम्ही ठाण्यात चौथ्या मजल्यावर राहतो, पूर्वेची बाल्कनी, अंगणबिंगण काही नाही. त्यामुळे खाली लिहिलंय ते सगळं एवढ्याशा जागेतलं आहे.

आधी ऊन मोजा

सुट्टीच्या दिवशी सकाळी मुलाच्या हातात खडू द्या आणि दर तासाला ऊन जिथपर्यंत आलंय तिथे फरशीवर रेघ मारायला सांगा. पोरं हे काम मन लावून करतात कारण एरवी फरशीवर रेघा मारल्या की ओरडा बसतो. संध्याकाळी कळतं कुठे किती तास ऊन पडतंय. तीन-चार तास असेल तर मेथी, कोथिंबीर, पुदिना, लाल माठ असल्या पालेभाज्या मजेत येतात. भेंडी, टोमॅटो, झेंडूला पाच-सहा तास लागतात. ऊन अजिबातच नसेल तर भाजीचा हट्ट सोडा आणि मनीप्लांट पाण्यात लावून मुळं बघत बसा, तेही वाईट नाही, फक्त मनीप्लांट तोंडात घालायचा नाही हे सांगून ठेवा.

डबा आणि माती

नवीन कुंड्या आणू नका. आईस्क्रीमचा मोठा डबा, श्रीखंडाचा डबा, फळवाल्याकडचा थर्माकोलचा खोका, मेथीला चार बोटं माती मावेल असं काहीही चालतं. तळाला सहा-सात भोकं पाडा. स्क्रूड्रायव्हर गॅसवर तापवून पाडायची असतील तर ते काम मोठ्यांचं, मुलांनी लांब थांबून फक्त "इथे पाड, तिथे पाड" करायचं. थर्माकोल मात्र तापवायचा नाही, त्याला नुसतं टोचलं तरी भोक पडतं. दोन मुलं असतील तर डबे दोन आणि प्रत्येकावर मार्करने नाव. आम्ही आधी एकच मोठा खोका दोघांत दिला होता आणि मधोमध पट्टी ठेवून बॉर्डर आखायची वेळ आली.

मातीचं प्रमाण सोपं आहे, एक वाटा साधी माती, एक वाटा गांडूळखत किंवा चांगलं कुजलेलं शेणखत, एक वाटा कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. तिन्ही गोष्टी नर्सरीत मिळतात. कोकोपीटची साडेसहाशे ग्रॅमची वीट मिळते ती आणा आणि बादलीत पाणी घालून मुलांसमोर ठेवा, एवढीशी वीट फुगून बादली अर्धी भरते, आमच्याकडे याचाच सगळ्यात जास्त जल्लोष झाला होता, झाडांचा नंबर नंतर. खाली जुनी चादर अंथरा, हातांनी कालवू द्या. माती केसात जाईल, पंख्याच्या वाऱ्याने हॉलमध्ये येईल, बायको एक कटाक्ष टाकेल, ते सगळं धरून चाला. फक्त हातावर जखम असेल तर ग्लोव्हज घाला आणि काम झाल्यावर साबणाने नखांपर्यंत हात धुवायचे, यात सूट नाही.

मेथी, दिवसागणिक

बियाणं विकत आणायची गरजच नाही, फोडणीच्या डब्यातली मेथी घ्या. एका आईस्क्रीमच्या डब्याला दोन-तीन चमचे मेथीदाणे पुरतात. रात्री भिजत घालायचे, हे मुलाला स्वतःला करू द्या. सकाळी दाणे फुगलेले आणि पाणी पिवळं झालेलं असतं. दाणे निथळून मातीवर दाट पसरायचे, एकमेकांना टेकले तरी चालतील, वरून मातीचा पातळ थर भुरभुरायचा, पोह्यांवर खोबरं घालतो तसा. मग हाताने हलकं पाणी शिंपडायचं. झालं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जे होतं त्याच्यासाठी खरं तर हा सगळा खटाटोप. दाणे सगळे एकदमच वर येऊ पाहतात त्यामुळे मातीचा वरचा पापुद्रा आख्खाच्या आख्खा उचलला जातो, भाकरीला पापुद्रा सुटतो तसा, आणि खाली वाकून बघितलं की फटीतून पांढरे देठ दिसतात, मान खाली घातलेले. माझी लेक त्या दिवशी ब्रश तोंडात तसाच धरून बाल्कनीत पालथी पडली होती आणि "बाबा, त्यांनी छप्पर उचललंय" म्हणून ओरडत होती. तो पापुद्रा चमच्याने हळूच फोडायचा आणि पाणी शिंपडायचं. दोन दिवसांत माना सरळ होतात आणि पानांच्या जोड्या उघडतात.

बारा ते पंधरा दिवसांत बोटभर उंचीची मेथी तयार. मुंबईच्या बाजारात छोट्या छोट्या जुड्यांत मिळते ना समुद्रमेथी, समुद्राकाठच्या रेतीत लावलेली, जवळपास तशीच. मुळासकट उपटायची, मुळं कापायची, चार पाण्यांनी धुवायची. लसूण-मिरचीची फोडणी, वर मूठभर भिजवलेली मूगडाळ, बस. एका डब्यातून भाजी निघते जेमतेम दोन वाट्या पण जो धाकटा हिरवं काही दिसलं की ताट सरकवतो त्याने "माझी मेथी" म्हणून चार घास खाल्ले. पाचवा नाही खाल्ला, खोटं कशाला सांगू.

रोज उकरून बघणारं मूल असेल तर

असतंच. आमच्याकडे दोन आहेत. बी रुजलं का हे बघायला माती उकरतात आणि नाजूक मूळ तुटतं. ओरडून उपयोग नाही, त्यांना दिसायची सोय करून द्या. काचेच्या ग्लासात टिश्यू पेपर गोल गुंडाळून बसवा, काच आणि कागद यांच्यामध्ये दोन-चार राजमे किंवा वाल सरकवा, तळाशी बोटभर पाणी ठेवा, कागद ओला राहिला पाहिजे पण बी पाण्यात बुडायला नको. तीन-चार दिवसांत मूळ खाली आणि कोंब वर जाताना दिसतो. मग एक दिवस बी आडवं फिरवून ठेवा, मूळ वळून पुन्हा खालीच जातं. माझ्या लेकीने तीनदा फिरवलं आणि त्या राजम्याचा अक्षरशः जिलबीसारखा आकार झाला.

पाणी, आणि खालच्या मजल्यावरच्या काकू

मुलांच्या हातून झाडं मरतात ती बहुतेक वेळा जास्त पाण्याने, कमी पाण्याने क्वचितच. प्रेम उतू जातं. नियम एकच ठेवा, बोट मातीत पहिल्या पेरापर्यंत खुपसायचं, ओलं लागलं तर आज पाणी नाही. मगाने ओतू देऊ नका, बी वाहून एका कोपऱ्यात जमा होतं. पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला गरम सुईने दहा-बारा भोकं पाडली की झारी तयार.

डब्याखाली ताटली हवीच. हे मी अनुभवाने सांगतोय. एप्रिलमध्ये खालच्या काकूंनी ग्रिलवर कुरडया वाळत घातल्या होत्या आणि आमच्या चिरंजीवांनी त्याच दिवशी झाडांना "आंघोळ" घातली, मातीचं तांबडं पाणी थेट कुरडयांवर. काकू काही बोलल्या नाहीत, नुसत्या वर येऊन ताट दाखवून गेल्या, ते जास्त लागलं. पुढची जुडी त्यांच्याकडे पोचवायला धाकट्यालाच पाठवला.

पण ताटलीत पाणी साचू देऊ नका, डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्याचे डास होतात. त्यामुळे दर रविवारी सगळ्या ताटल्या रिकाम्या करून घासायच्या. हे काम लेकीचं, ती "डास इन्स्पेक्टर" आहे, शेजाऱ्यांच्या कुंड्यासुद्धा न विचारता तपासून येते.

मेथी जमली की दुसरा राउंड

आता मुलाला थोडा धीर आलेला असतो. भेंडी घ्या. बी रात्रभर भिजवायचं, बारा इंची कुंडीत किंवा ग्रो बॅगमध्ये एक झाड, पाऊस सुरू झाला की जूनमध्ये लावली तर छान. दीड-दोन महिन्यांत फूल येतं, पिवळं, आत गडद लाल, आणि एकच दिवस टिकतं. त्यानंतर चार-पाच दिवसांत भेंडी तोडावी लागते, नाहीतर जून होते आणि मोडता मोडत नाही. म्हणून मुलाला रोज बघण्याचं कारण मिळतं. एका झाडावर घरच्यांची भाजी होत नाही, चार-पाच झाडं असली तर आठवड्यातून एकदा कशीबशी होते, पण एकच भेंडी कच्ची कुरकुर खाण्यात जी मजा आहे ती भाजीत नाही. पानांना बारीक लव असते, कुणाकुणाला खाज येते, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.

झेंडूसाठी दसऱ्याच्या तोरणातली दोन फुलं वाळवून ठेवा, पाकळीच्या खाली काळी काडी असते तेच बी. हे मुलांना एकदा उकलून दाखवा, त्यांना वाटतं बी म्हणजे पाकिटातच मिळतं. कोथिंबिरीला धने लाटण्याने हलके रगडून दोन भाग करायचे, पीठ नाही करायचं. उगवायला आठ-दहा दिवस घेते, कधी जास्तही, त्यामुळे अगदी लहानांना ती देऊ नका, आणि थंडीतच लावा, उन्हाळ्यात पानं यायच्या आधीच फुलावर जाते. पुदिना बाजारातल्या जुडीतला जाड देठ पाण्यात ठेवला की मुळं फुटतात, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, तो आपला आपण वाढतो.

अळ्या, मावा आणि कबुतरं

कबुतरांवर एकच उपाय, जाळी. कोवळे कोंब ती खातात किंवा कुंडीत येऊन बसतात. बाकी यूट्यूबवरचे चमकणारे सीडीबिडीचे उपाय आम्ही करून बघितले, कबुतरं सीडीशेजारी बसून घुमत होती.

मावा आला, म्हणजे कोवळ्या शेंड्यांवर हिरवे-काळे बारीक किडे, तर आधी नुसत्या पाण्याचा जोराचा फवारा. नाही गेला तर लिटरभर पाण्यात चमचाभर कडुलिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब, संध्याकाळी फवारायचं. पण फवारण्याआधी नीट बघा, माव्यामध्ये ठिपकेवाला लाल लेडीबग किंवा त्याची काळपट, मगरीच्या पिल्लासारखी दिसणारी अळी फिरत असेल तर थांबा, ती तुमचंच काम करतेय.

कढीलिंबाच्या किंवा लिंबाच्या पानावर पक्ष्याच्या शिटेसारखं काहीतरी दिसलं तर पुसून टाकू नका. ती फुलपाखराची अळी असते. पुढे हिरवी होते, काडीने हलकंच डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी-लाल शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. एकदाच डिवचा, पोरं दहा वेळा मागतील. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन, त्याची अळीसुद्धा लिंबाच्याच घराण्यातल्या झाडांवर वाढते. आमच्याकडे तो नाही आला अजून. पण गेल्या श्रावणात एका अळीने आमच्या कढीलिंबाची निम्मी पानं फस्त केली, आई चिडली की फोडणीला काय घालू, आणि पोरांनी घरात मतदान घेतलं. अळी तीन विरुद्ध एक मतांनी जिंकली.

काही गोष्टी आधीच सांगून ठेवतो

नर्सरीतलं गुलाबी-निळ्या रंगाचं बियाणं लहान मुलांच्या हातात देऊ नका, तो रंग म्हणजे बहुतेक वेळा बुरशीनाशक औषध लावल्याची खूण असते. तीन वर्षांच्या आतल्या मुलाजवळ मूग, वाल, हरभरा मोकळे ठेवू नका, नाकात घालतात आणि तिथे ते फुगतात, मग डॉक्टरकडे पळापळ. आणि घरात कण्हेर, धोतरा, एरंड, गुंज किंवा ती मोठ्या ठिपकेदार पानांची डंब केन असेल तर मुलं मोठी होईपर्यंत लांबच बरी. गुंजेचं बी दिसायला मण्यासारखं लालचुटुक असतं म्हणून जास्त भीती.

गावाला जाताना

मे महिन्यात किंवा दिवाळीत आठवडाभर घर बंद असतं, तेव्हा डबे उन्हातून आत सावलीत घ्या. शेजारी एक बादली पाण्याची, डब्यांपेक्षा थोडी उंचावर स्टुलावर ठेवा, जुन्या सुती ओढणीच्या पट्ट्या ओल्या करून त्यांचं एक टोक बादलीच्या तळाशी आणि दुसरं मातीत दोन बोटं खोल. पाणी हळूहळू उतरत राहतं. निघायच्या आदल्या दिवशी एकदा लावून बघा म्हणजे किती वेगाने उतरतंय ते कळेल, आणि बादलीवर झाकण टाका, डास. आमचा हा सेटअप बघून काकूंनी लगेच विचारलं, पाणी खाली नाही ना येणार? ताटल्या आहेत म्हटलं.