जठराच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर हाड दुखू लागल्यास काय करावे

जठराचा कर्करोग हाडांत तुलनेने कमी वेळा उतरतो. उतरलाच तर बहुधा मणका, कटीची हाडे, बरगड्या किंवा मांडीच्या हाडात. त्यामुळे बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-चिकोडीकडे शस्त्रक्रियेनंतर वर्षा-दोन वर्षांनी कंबर दुखू लागली, की भातलावणीला किंवा उसाच्या कामाला दोष देऊन मालीश सुरू होते. कृपया तसे करू नये. आतून पोखरलेले हाड चोळण्याने किंवा मणका ओढून 'बसवण्याने' मोडू शकते. मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी उरलेल्या जठराला किंवा आतड्याच्या जोडाला व्रण पडण्याची भीती असते.

आडवे पडूनही न थांबणारी, रात्री जागवणारी, दिवसागणिक वाढणारी वेदना आठवडाभरात कर्करोगतज्ज्ञांच्या कानावर घालावी. प्रत्येक दुखणे कर्करोगाचेच असते असे नाही. जठर काढल्यावर कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व नीट शोषले जात नाही व हाडे ठिसूळ होतात. बी-१२ च्या कमतरतेने पायांना मुंग्या येतात. रक्तातले अल्कलाइन फॉस्फटेज हे द्रव्य हाडात उतरलेला कर्करोग आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता या दोन्ही कारणांनी वाढत असल्याने केवळ रक्ताच्या अहवालावरून निष्कर्ष काढू नये, एमआरआय किंवा बोन स्कॅनबद्दल विचारावे.

मात्र पायांतले बळ गेले, जांघेत बधिरपणा आला, लघवी अडली किंवा शौचावरचा ताबा सुटला, तर मज्जारज्जू दाबला जात आहे असे समजून त्याच दिवशी निघावे. रुग्णाला सपाट झोपवून न्यावे आणि निघण्याआधी फोन करून बेळगाव, मिरज, कोल्हापूर यांपैकी एमआरआय व रेडिओथेरपी (किरणोपचार) दोन्ही कोठे मिळतील, हे ठरवावे. येथे एका रात्रीचा उशीरही चालणे कायमचे हिरावू शकतो.

रेडिओथेरपीच्या कधी एकाच बैठकीनेही वेदना उतरते, पण त्याला काही आठवडे लागतात. तोवर मॉर्फिन नाकारू नये, बद्धकोष्ठतेचे औषध मात्र सोबत मागून घ्यावे. हाडे बळकट करणाऱ्या झोलेड्रोनिक ॲसिडच्या सलाइनपूर्वी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी), कॅल्शियम आणि दात तपासून घ्यावेत.

बीपीएल रेशनकार्ड असल्यास आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. सीमेपलीकडच्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या, रुग्णालयात ती चालते का, हे आधीच विचारावे. शस्त्रक्रियेचा कागद व बायॉप्सीचा अहवाल फाईलमध्ये वरच ठेवावा, आणि रुग्णाला कन्नड येत नसेल तर ती बोलणारे घरचे माणूस सोबत न्यावे.