बदली तासांचा प्रश्न असा सुटला

कोणी रजेवर असलं की बदली तास माझ्याच माथी येत. सकाळी हजेरीपटावर सही करतानाच चिठ्ठी हातात, की वह्या तपासायचा मोकळा तास गेलाच. स्टाफरूममध्ये सगळेच कुरकुरायचे, पण मुख्याध्यापिकांसमोर कोणी तोंड उघडत नसे. मला ते पटत नव्हतं. निर्णय ज्यांच्या हातात आहे, त्यांच्या कानावर गोष्ट जायलाच हवी.

मी महिनाभराच्या बदली तासांचा तक्ता केला: तारीख, वर्ग, रजेवर कोण, तास कोणी घेतला. स्वतःचं मत एकही लिहिलं नाही. शाळा सुटल्यावरची वेळ मागून घेतली (परिपाठाच्या धावपळीत असं काही बोलूच नये) आणि तक्ता पुढे ठेवला. "मॅडम, तास घ्यायला माझी ना नाही, पण नववीच्या वह्या मागे पडताहेत. पाळी लावता येईल का?"

त्यांनी बोट फिरवत एकेक रकाना वाचला. चिठ्ठ्या पर्यवेक्षक काढत असल्यामुळे वाटणी इतकी एकतर्फी झाल्याचं त्यांना ठाऊकच नव्हतं.

आता पाळीचा कागद सूचना फलकावर लागतो. ऐनवेळी अजूनही चिठ्ठी येते, पण मग पुढच्या पाळीतून माझं नाव वगळतात.