डुकरांच्या राखणीला रात्रीची दुर्बीण

शिराळा, पाटणकडं भुईमुगाच्या शेंगा भरल्या की रात्रीची राखण आलीच. वनखात्याच्या परवानगीशिवाय रानडुक्कर मारणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, तेव्हा दुर्बीण घ्यायची ती बघून हाकलण्यापुरती.

इन्फ्रारेडवाली स्वस्त पडते. पण ती स्वतःच डोळ्यांना सहसा न दिसणारा उजेड टाकते. उसाच्या कडेला उभं राहिलात तर समोरचा पालाच लखलखतो आणि मागचं डुक्कर गुल. तिच्यातला दिवा ८५० नॅनोमीटरचा (हे उजेडाच्या लहरीचं माप) असेल तर समोरून लालसर दिसतो. ९४० चा दिसत नाही, पण पल्ला कमी.

पैसे असतील तर थर्मलच, म्हणजे अंगाची उष्णता टिपणारी, घ्या. उघड्या रानात कळप लांबूनच उठून दिसतो. दाट उसाच्या आतलं मात्र तिलाही दिसत नाही, आणि गाडीची काच वर करून बघाल तर नुसती काच दिसेल. उन्हाळ्यात बांधावरचे दगड रात्रीही तापलेले असतात, त्यामुळं हललं तरच जनावर समजायचं.

दुकानदार सांगतो तो पल्ला बहुतेक वेळा ‘काहीतरी आहे’ एवढंच कळण्याचा असतो. डुक्कर आहे की शेजाऱ्याचं रेडकू, हे किती अंतरावरून ओळखू येतं ते विचारा. जमलं तर अंधार पडल्यावरच दुकानात जा आणि बाहेर येऊन बघा.