‘केकेरासान’चा घोळ आणि आम्हाला सापडलेली दुभाषी

बेळगावच्या उद्यमबागेत आमची बिडाची फाउंड्री आहे. इंडोनेशियातल्या सुराबायाच्या गिऱ्हाईकाशी व्हिडिओ कॉल होता. आमचा दुभाषी पर्यटनातला. गिऱ्हाईक ‘केकेरासान’ म्हणालं, यानं इंग्रजीत ‘व्हायोलन्स’ सांगितलं! इंडोनेशियन भाषेत या शब्दाला हिंसा आणि कठीणपणा असे दोन्ही अर्थ आहेत. त्यांना हवा होता कास्टिंगचा कठीणपणा, ब्रिनेल या कठीणपणाच्या मापात.

मग इंडोनेशियातल्या भाषांतरकारांच्या संघटनेची, १९७४ पासूनच्या एचपीआयची, सदस्ययादी चाळली. भाषेची पदवी बाजूला ठेवून धातुशास्त्र कोण शिकलंय तेवढंच बघितलं. एक बाई मिळाल्या. ड्रॉइंग, टेस्ट सर्टिफिकेट आणि आमचे नेहमीचे ४० शब्द त्यांना दोन दिवस आधी पाठवले. ‘तेगांगान’ म्हणजे इथं ताण की व्होल्टेज, असं त्यांनीच उलट विचारलं. तिथंच माझा जीव भांड्यात पडला.

पुढचा कॉल अर्ध्या तासात संपला.